वरून हाक, खालून ओ

मी धुराडं बोलतोय. चिलोए बेटावर खाडीच्या काठी ओतिलियाचं लाकडी घर आहे. त्याच्या छपरातून डोकं वर काढून उभा असतो, तो मीच. कास्त्रो गावच्या एका पत्रेवाल्यानं मला घडवलं आणि ओतिलियाचा नवरा एलादिओ मला होडीतून मांडीवर घेऊन आला. नव्या नवरीलाही कोणी इतकं जपून आणत नाही.

इथे पाऊस संपत नाही, म्हणून चूलही विझत नाही. माणसं चुलीपाशीच जेवतात, भांडतात, लोकरीचे मोजे वाळवतात, रुसून बसतात. त्यांचा धूर मुकाट्यानं वर नेणं हे माझं काम. बदल्यात वर्षातून एकदा मला आंघोळ हवी, बस्स.

ती आंघोळ एलादिओ घालायचा. मेंढ्यांची लोकर कातरायला तो दूर दक्षिणेच्या माळावर जायचा आणि थंडी पडायच्या आत परतायचा. पडशी दाराशी टाकली की आधी छपरावर. दोरीला फांद्यांचा जुडगा आणि एक धोंडा बांधून तो माझ्या पोटात सोडायचा. खाली ओतिलिया काजळी झेलायला ओलं पोतं धरून बसायची. मग माझ्यातूनच दोघांचं बोलणं चालायचं.

"आलं का गं खाली?"

"आलं. सगळं माझ्या डोक्यावर. तिकडे मेंढ्या भादरल्यास, आता बायकोला काळं फास."

"मग काय, गोरीपान राहिलीस तर गावात कोणाची तरी नजर लागायची."

ती हसायची. ते हसू माझ्यातून वर जायचं आणि मला फार बरं वाटायचं.

एका वर्षी त्याच्याऐवजी त्याचा सोबती दाराशी आला. एलादिओ तिकडेच तापानं गेला होता, तिकडेच त्याला पुरलं होतं. ओतिलियानं सोबत्याला जेवू घातलं, चुलीत लाकूड सारलं. त्याच्यासमोर ती रडली नाही.

शेजारचा नोल्बेर्तो म्हणाला, "वहिनी, धुराडं मी साफ करून देतो."

"राहू दे. ते त्याचं काम आहे."

"अहो, पण तो आता कुठून..."

"राहू दे म्हटलं ना."

त्याऐवजी ती चुलीत बटाट्याची सालं टाकू लागली. सालं जाळली की धुराडं आपोआप साफ होतं, असं या बेटावर सगळेच मानतात. एलादिओ लाकडं आधीच्या उन्हाळ्यात फोडून पडवीत वाळवायचा. आता मिळेल ते ओलं लाकूड जळायचं आणि त्याचा धूर माझ्या अंगाला डांबरासारखा चिकटून बसायचा. माझा घसा आवळत गेला. धूर घरात परत यायचा आणि त्याचं निमित्त करून ओतिलिया डोळे पुसायची.

डुक्कर कापायचा दिवस होता. बटाट्याच्या भाकऱ्या करायच्या म्हणून सासरहून लेक यास्ना आली होती.

"आई, किती धूर हा! धुराडं कधी साफ केलं होतंस?"

"आत्ता करते," म्हणत ओतिलियानं वाळलेल्या सालांची अख्खी टोपली चुलीत रिकामी केली, वर सुक्या फळ्या घातल्या.

माझ्या आतली काजळी पेटली. मी वाऱ्यासारखा घोंघावू लागलो, लालभडक झालो. माझ्याभोवतीच्या छपराच्या फळ्या धुमसायला लागल्या. यास्नानं चुलीचं दार लावून हवा बंद केली, नोल्बेर्तो ओली पोती घेऊन वर धावला. थोडक्यात घर वाचलं.

मी निवल्यावर यास्नानं बापाची दोरी काढली आणि ती न विचारता छपरावर चढली.

"खाली उतर. ते त्याचं काम आहे."

"बाबा गेले, आई. आता तुला स्वतःला जाळून घ्यायचंय का? जा, पोतं धर."

धोंडा माझ्यातून खडखडत गेला.

"आलं का गं खाली?"

ओतिलियानं पोतं सरसावून धरलं. मग खालून ओ आली, "आलं. सगळं माझ्या डोक्यावर." यास्ना तिथेच छपरावर बसली आणि हुंदके देऊन रडली.

आता ती दरवर्षी येते. लाकडंही वेळेवर वाळतात. मी मात्र त्या आगीपासून सांध्यांत गंजलो आहे. येत्या वर्षी माझ्या जागी नवं धुराडं बसेल.

यास्ना छपरावरून उतरली की, चूल पेटवायच्या आधी, ओतिलिया माझ्या खालच्या तोंडाशी वाकते आणि हळूच म्हणते, "एलादिओ, आलं रे खाली." वर कोणी नसतं. मला उत्तर देता येत नाही याचं तेव्हा फार वाईट वाटतं. जमेल तितक्या उंच मी तो आवाज नेतो, पुढे तो वाऱ्यावर जातो.

माझ्या जागी येणाऱ्याला तेवढं सांगा. त्याला दरवर्षी साफ करा, आणि म्हणावं, तिचा आवाज वाटेत अडू देऊ नकोस.