मास्तरांचं ऑपरेशन

"उंदराला दात असतात, कात्री नसते," हे म्हणाले आणि टीव्हीच्या वायरची दोन्ही टोकं त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. "बघ, कसा सरळ काप आहे. शिंपिणीच्या घरचा उंदीर दिसतोय."

मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही. "मेल्यांना हल्ली काहीही जमतं," म्हटलं.

मनातल्या मनात मात्र स्वतःला चार शिव्या घातल्या. नवरा जन्मभर जळालेल्या मोटरींत नवी तार भरतोय. पंखा बंद पडला, मिक्सर जळला की अख्खा बाजार त्याच्याकडे धावतो. आणि त्याच्या घरात मी वायर कापून टीव्ही बंद पाडायला निघाले! कपाट सरकवून मागे हात घातला आणि वायर कापली, तीही माझ्या शिवणकामातल्या कापडाच्या कात्रीने. अक्कल गहाण टाकली की असं होतं.

पण करणार काय?

रोज संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याची एक मालिका बघायचो. त्यात एक शाळामास्तर पेशंट होते. छातीतल्या तीन नळ्या बंद. यांच्याही तीनच बंद, म्हणून यांचा मास्तरांवर भारी जीव. डॉक्टरांनी यांना केव्हाच सांगितलं होतं, ऑपरेशन करा, थांबण्यात अर्थ नाही. मला बाजूला घेऊन तर स्पष्टच म्हणाले, "बाई, यांच्याकडे वेळ नाही." पण हे ऐकतील तर शपथ. "चालत्या मोटरला पाना लावू नये," एवढंच एक पालुपद. मी रडले, भांडले, अबोला धरला. लेक येऊन बोलून गेली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग एका भागात मास्तर बायकोला म्हणाले, चल, करून टाकू. दुसऱ्या दिवशी दात घासता घासता हे म्हणाले, "अगं, तारीख घेऊन येऊ या." इतक्या माणसांनी डोकं आपटलं ते फुकट आणि टीव्हीतल्या मास्तरांनी एका वाक्यात काम केलं. मी मास्तरांचे मनोमन पाय धरले. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

उद्या सकाळी भरती व्हायचं होतं. बॅगही भरत आणली होती. आणि आज दुपारी लेकीचा फोन.

"आई, आजचा भाग मोबाइलवर आधीच आलाय. मास्तर जातात गं. टेबलावरच. बाबांना बघू देऊ नकोस."

मास्तर गेलेले बघितले की हे उद्या पलंगावरून उठायचे नाहीत. आणि उठले नाहीत तर पुढे काय, ते डॉक्टरांनी मला सांगितलेलंच होतं. म्हणून ती कात्री.

यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, वायर सोलली, जोडली. दोन मिनिटांत टीव्ही बोलायला लागला.

"आज लवकर जेवून झोपा की," मी म्हटलं. "उद्या दगदग आहे."

"मास्तरांचं ऑपरेशन आहे आणि मी झोपू?" असं म्हणून हे खुर्चीत बसले. मीही शेजारी बसले. दुसरं काय करणार!

काय तो भाग! अजून आठवला की अंगावर काटा येतो. ऑपरेशनच्या दाराशी मास्तरांनी चष्मा काढून बायकोच्या हातात दिला. "सांभाळ, बाहेर आलो की पेपर तपासायचेत," म्हणाले. ती बाकावर बसून राहिली. बोटांनी चष्म्याच्या काचा पुसत, पुन्हा पुन्हा पुसत. मग दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि उभे राहिले. एक शब्द नाही, संगीत नाही. नुसता डॉक्टरांचा चेहरा. आणि तिची बोटं थांबली.

मी टीव्हीकडे बघतच नव्हते, यांच्याकडे बघत होते. यांचा हात छातीवर गेला होता.

"खोटं असतं हो ते!" मी ओरडलेच. "नट आहे तो मेला! दुसरी मालिका मिळाली असेल, म्हणून मालिकावाल्यांनी मारला!"

"माहितीये," हे म्हणाले. "मी दुपारीच बघितला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर."

"आणि परत बसलात? वायर जोडून?"

हे टीव्ही बंद करून, त्या काळ्या काचेकडे बघत म्हणाले, "दुपारपासून हातात तार धरवत नाहीये. एका पंख्याची तार उलटी भरली. घरी येतो तर तू आपली माझ्या टॉवेलांच्या घड्या करतेयस. म्हटलं, हिला कशाची भीती म्हणून नाही. एकट्यालाच भीती वाटत होती गं मला. म्हटलं, बघू दे हिलाही." आणि खाली मान घालून, "चुकलंच माझं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं संसार केला आणि हा माणूस म्हणतो, मला भीती वाटत नाही!

"मला वायर कापायच्या आधीपासून वाटतेय," मी म्हटलं.

तेव्हा ते हसले. "कापडाची कात्री वापरलीस ना? धार गेली असेल बघ तिची."

"मरू दे ती धार. उद्या येणार ना?"

"यायला लागेल. मोटर आवाज करतेय आता, उघडायलाच हवी."

त्या रात्री आम्ही दोघंही उघड्या डोळ्यांनी पडून होतो. पण एकमेकांना झोपेचं सोंग दाखवलं नाही. तेवढं एक बरं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी दाराशी ट्रॉली थांबली. सिस्टर म्हणाली, "काका, चष्मा नातेवाइकांकडे द्या."

यांनी चष्मा काढला आणि माझ्यापुढे धरला. माझा हात काही पुढे होईना. मी तो मागे नेला, खोड्या केलेल्या मुलीसारखा.

"अगं, धर."

"हातात नको," मी म्हटलं.

त्यांना कळलं. सिस्टरला म्हणाले, "एक मिनिट हं." मग मला खाली वाकायला सांगून त्यांनी तो चष्मा माझ्याच डोळ्यांवर चढवला. बारीक तार बसवतात तशा दोन्ही काड्या सावकाश कानांमागे नेल्या. "घे. आता मास्तरांच्या बायकोसारखी दिसत नाहीस. माझ्यासारखी बावळट दिसतेस."

सिस्टरही हसली. ट्रॉली आत गेली. त्यांनी हात केला असेल, मला दिसला नाही. त्यांचा नंबर मोठा, सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं झालं होतं.

लेक म्हणाली, "आई, काढ तो, डोकं दुखेल." दुखतच होतं. पण काढावासा वाटेना. दार उघडायचं, बंद व्हायचं. पांढरं कोणी जायचं, निळं कोणी यायचं. एकाचंही तोंड कळायचं नाही आणि तेच बरं होतं. घड्याळसुद्धा नुसता पांढरा डाग.

बऱ्याच वेळाने लेक चहा आणायला खाली गेली आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. हिरव्या कपड्यातलं कोणीतरी बाहेर आलं, थांबलं आणि माझ्या दिशेने वळलं.

चष्मा काढला असता तर चेहरा दिसला असता. चेहरा दिसला असता तर सगळं तिथेच कळलं असतं. पावलं जवळ येत होती.

मी चष्मा नाकावर घट्ट दाबला आणि उठून उभी राहिले.