धबधब्यावर मुलगी बघणं

हल्ली मुलगी बघायला घरी येऊन कांदेपोहे खाणं जुनाट वाटतं म्हणे. रत्नागिरीच्या मुलाकडच्या सुधारलेल्या माणसांनी दापोलीला फोन केला, "रविवारी सगळेच धबधब्यावर जाऊ. मुलं मोकळेपणाने बोलतील, संध्याकाळी आपापल्या घरी." मुलीचा बाप, अनिल, इतका हरखला की जेवणाचे डबेही आमचेच म्हणाला.

मुलगी, मनस्वी, त्याहून खूश होती. तिच्या कानामागून मानेवर कोडाचा पांढरा डाग उतरला होता. त्यापायी आधीची स्थळं मोडली होती. आई फाउंडेशन लावून तो झाकायची आणि बजावायची, "साखरपुडा होऊ दे, मग सांगू." पण या स्थळातल्या मुलाशी, ऋत्विकशी, फोनवर बोलता बोलता तो तिला मनापासून आवडला होता. त्याला फसवून तिला संसार मांडायचा नव्हता. तिने आईच्या चोरून त्याला सगळं सांगून टाकलं. "एवढंच ना? घरी मी बोलतो," तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी सहलीचा हा फोन आला.

मंडणगडच्या वाटेवरचा तो धबधबा श्रावणात भरून कोसळत होता. शमिका, मनस्वीची धाकटी बहीण, चपला भिरकावून केव्हाच पाण्यात शिरली होती. ऋत्विकची आत्या दमयंती, जिच्या शब्दाबाहेर त्या घरात कोणी नाही, साडी खोचून मनस्वीजवळ आली.

"चल गं, तूही भीज."

"तिला पाणी सोसत नाही हो," आई मध्ये पडली.

"काही होत नाही!" आत्याने मनस्वीचा दंड धरून तिला धारेखाली नेलं आणि सगळ्यांसमोर रुमालाने तिची मान पुसली. खसाखसा, करपलेलं भांडं घासावं तशी. मग तो रुमाल अनिलपुढे धरला. "मुलगी द्यायला निघालात, की रंगवून खपवायला?"

रील काढणारी पोरं वळून बघायला लागली. मनस्वीने ऋत्विककडे पाहिलं. तो काठावर बुटाची नाडी बांधत होता.

"ऋत्विक, सांग ना त्यांना. मी काही लपवलं नव्हतं तुझ्यापासून."

तो वर न बघता म्हणाला, "मी सांगितलं होतं आत्याला. ती म्हणाली, एकदा डोळ्यांनी बघू."

अरे मेल्या, नकार द्यायचा तर फोनवर द्यायचास! तेवढी छाती नव्हती, म्हणून आत्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

गाड्यांपाशी आल्यावर आत्याचा आवाज मऊ झाला. "झालं गेलं विसरू, अनिलराव. माणसं चांगली आहात तुम्ही. धाकटी नितळ आहे, आत्ताच भिजताना पाहिली मी. तिचं कुठे जमलं नसेल तर आमची ना नाही."

ऋत्विकनेही मान हलवली. अनिलने बायकोकडे पाहिलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "थोरलीपायी धाकटीचं नशीब कशाला अडवायचं?"

"शमू, जा गो, त्यांच्या गाडीत बस," अनिल म्हणाला. "वाटेत बोला जरा दोघं."

मनस्वी ओलेत्यानेच उभी होती. आता शमिका भडकणार, या सगळ्यांची हजेरी घेणार, अशी तिची खात्री होती. लहानपणी डागावरून चिडवणाऱ्या मुलींशी शमिकाच तर भांडायची. शमिका तिच्याजवळ आली आणि तिने ओल्या केसांतलं पाणी पिळलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे कंगवा आहे ना?"