धुळीचा कणही नको

घड्याळजीच्या दुकानाची खिडकी कधीच उघडत नसे. घड्याळाच्या पोटात धुळीचा कण गेला तरी ते मागे पडू लागतं, आणि केसासारखी बारीक कमान वाऱ्याने उडाली की अख्खी दुपार फरशीवर रांगण्यात जाते. म्हणून खिडकी बंद आणि उघडलेलं प्रत्येक घड्याळ काचेच्या झाकणाखाली, हा त्याचा नियम. त्याच बंद खोलीत तो दिवसभर सिगारेटी ओढायचा. त्याला मात्र कसला नियम नव्हता.

समोरच्या टेबलावर त्याची वहिनी बसे. भाऊ गेल्यावर त्यानेच तिला हे काम शिकवलं होतं. तिचा हात आपल्याहून हलका आहे, हे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे. तिला खोकला लागला तेव्हा ते कौतुक आटलं. एकदा तिच्या खोकल्याने त्याच्या चिमट्यातली कमान उडाली.

"वहिनी, तुमच्या खोकल्याला जरा बाहेर बसवा. हवं तर त्याला वेगळा पगार देतो."

ती हसली. तेव्हापासून खोकल्याची उबळ आली की उठून जिन्यात जाई, भिंतीला धरून खोकून घेई आणि डोळे पुसत परत येई. घड्याळजीला ते फार सोयीचं वाटलं.

मग एका सकाळी ती जिन्यातून परत आलीच नाही. तो बघायला गेला तर पायरीवर बसून तोंडाने श्वास ओढत होती, ओठ निळसर पडलेले. तो तिला तसाच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. वाफारा दिल्यावर ती बोलण्याजोगी झाली.

"सिगारेट ओढता?" बाईंनी विचारलं.

"छे हो."

"घरात कुणी?"

"घरात मी आणि लेक."

"कामाच्या जागी धूर?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही. आमच्या खोलीत धुळीचा कणही येत नाही."

घड्याळजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि क्षणभर त्याला तसंच करावंसं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाई पुढचं लिहू लागल्या होत्या.

"मी ओढतो," तो म्हणाला. "ह्यांच्यासमोर बसून. खिडकी लावून."

"भावजी, राहू द्या ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. त्या धुरात बसून औषध लागू पडणार नाही. आणि श्वासाचं जे नुकसान झालंय, ते सगळं भरून येईलच असं नाही."

त्या दिवसापासून त्याने सिगारेट सोडली. खिडकी उघडली, भिंती धुतल्या. फडकं पिळलं तर चहाच्या रंगाचं पाणी निघालं. हे सगळं वहिनीच्याही छातीत गेलं, असं मनात आलं आणि त्याने तीच भिंत पुन्हा धुवायला घेतली.

जरा बरं वाटल्यावर वहिनी कामावर आली. घड्याळजीच्या चिमट्यात कमान होती. तेवढ्यात तिला उबळ आली आणि ती लगबगीने उठली.

"कुठे निघालात?"

"कमान उडेल, भावजी."

"उडू दे. इथेच खोका."

ती दारातच थांबली. तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि त्याच्यासमोर तिला खोकताच येईना.