कुलपाबाहेरचे पाळणाघर

मागच्या जूनमध्ये मला एक पत्र आले होते. त्याचे उत्तर मी दिले नाही. पत्र हरवले नव्हते. ते माझ्या टेबलावरच्या शब्दकोशात होते, आणि शब्दकोश मी रोज उघडतो.

पत्र श्रद्धा ओव्हाळ यांचे होते. चाकणच्या कंपन्यांत पाळीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आमचे प्रतिष्ठान पाळणाघर चालवते. मी तिथला एक विश्वस्त, आणि अक्षर बरे म्हणून इतिवृत्त लिहिणारा. श्रद्धाताईंनी अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या खोलीत चार मुले घेऊन हे काम सुरू केले. प्रतिष्ठान तीन वर्षांनी आले, पाटी घेऊन. त्यांनी लिहिले होते, "सर, केंद्रप्रमुखाची जागा निघाली आहे. अर्जावर एका विश्वस्ताची शिफारस लागते. अर्ज सोबत जोडला आहे. सही द्यायची नसेल तर तसे कळवा."

पिंपरीच्या एका कारखान्याच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षे काढली. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझी जीभ अडखळते. शिफारस करणारा मी कोण, असे वाटले. अध्यक्ष दौलतरावांना विचारू आणि मग सही करू, असे ठरवले. विचारायचा धीर झाला नाही, आणि जुलैची बैठक आली.

आमच्या बैठकीची रीत सांगायला हवी. इतिवृत्त दौलतराव मला आधीच फोनवर सांगतात. मी ते लिहून नेतो आणि मिसळ खाऊन झाली की सगळे त्यावर सह्या करतात. जो बोलत नाही त्याची संमती धरतात. कोणीच बोलत नाही. त्या वेळी ते म्हणाले, "लिहा मास्तर, संस्थेतून एकही अर्ज आला नाही. सबब सार्थक यांची सहा महिन्यांसाठी नेमणूक. सर्वानुमते." सार्थक हा त्यांचा भाचा. मी लिहिले. अर्ज हाताशी शब्दकोशात होता, आणि तो आलाच नाही असे मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले.

पुढे एका रिसॉर्टवर नेतृत्व विकासाचे दोन दिवसांचे शिबिर झाले. सार्थकने डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीचे खेळ केले आणि प्रमाणपत्र मिळवले. श्रद्धाताईंनाही नेले होते. विश्वस्तांची नातवंडे सांभाळायला. मी अहवालात लिहिले, 'कर्मचाऱ्यांचा उत्साही सहभाग'.

जानेवारीत वार्षिक अहवालासाठी मला केंद्र पाहायला जायचे होते. सार्थकने अकराची वेळ दिली होती. पण उशीर होईल या धास्तीने मी नेहमीच भलत्या वेळी निघतो. सांगवीहून पहिली बस धरली आणि पावणेसातला तिथे पोहोचलो.

पाळणाघराला कुलूप होते. दारावर नवी पाटी, 'वेळ : सकाळी ९ ते सायंकाळी ६'. पायऱ्यांवर श्रद्धाताई बसल्या होत्या. मांडीवर एक तान्हे मूल आणि भोवती गोधड्यांत गुंडाळलेली नऊ मुले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

भाजीची पाटी शेजारी ठेवून एक म्हातारी नातवाला टोपी घालत होती. तिने मला न्याहाळले.

"तुमी कोन? सायेब हाय का?"

"मी... विश्वस्त आहे."

"म्हंजी हितलं मालक?"

"मालक नाही, पण—"

"बरं, मंग कुलूप काढा की! पोरं गारठली."

"किल्ली माझ्याकडे नसते."

"किल्ली न्हाई, मालक न्हाई. मंग कशाला आलाय, आमचं हाल बगाया?"

"गवराबाई, राहू द्या," श्रद्धाताई म्हणाल्या. "सर, बसा. चहा घेता?" त्यांनी थर्मास पुढे केला.

"अगं, राहू द्या काय!" गवराबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाल्या. "सून सातला कंपनीत, मी बाजारात. पोरगं काय नऊपर्यंत झाडाला बांधू?" आणि त्या तरातरा निघून गेल्या.

मी पायरीवर बसलो. "ताई, तुमचं पत्र..."

"ते पोचलं नसेल सर. मला वाटलंच, पोस्टात गेलं कुठंतरी."

त्यांनी मला पळवाट काढून दिली होती. "पोचलं होतं," मी म्हणालो.

त्या बाळाला थोपटू लागल्या. "मग नाही म्हणायचं होतं, सर. तुमचा नकार आला असता, तर मी दुसऱ्या कुणाकडे गेले असते. मी तुमच्या उत्तरासाठी थांबले आणि मुदत संपली."

त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. मग संताप आला तो मलाच, आधी स्वतःचा आणि मग सगळ्यांचा.

नऊला सार्थक आला. "अरे काका, इतक्या लवकर?" मी वेळेबद्दल विचारले. "शिस्त नको का काका? ऑफिस अवर्स ठेवले. नऊच्या आधी काही झालं तर जबाबदारी कुणाची? लीडरला कुठंतरी लाइन आखावी लागते."

"पण पाळी सातला लागते. हे पाळणाघर पाळीच्या बायकांसाठीच—"

"त्यांनी अ‍ॅडजस्ट करायला शिकलं पाहिजे," तो म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली. दहाही मुले आत गेली. दोन तास ज्यांच्याजवळ ती बसली होती, त्या श्रद्धाताई हजेरीत नऊला आल्याचे लिहिणार होत्या, कारण त्यांची कामाची वेळ तीच ठरली होती.

दुपारी घरी दौलतरावांचा फोन आला. "मास्तर, रविवारच्या बैठकीचं लिहून घ्या. सार्थक यांना कायम करण्यात येत आहे. सर्वानुमते."

"सर्वानुमते लिहिता येणार नाही."

"का? कोण आहे विरोधात?"

"मी."

ते हसले. "तब्येत बरी आहे ना? अहो, ती बाई चांगलीच आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण ती लेकरं सांभाळते. नेतृत्व वेगळं असतं. तुम्ही जन्मभर पुस्तकं लावलीत, तुम्हाला माणसांतलं काय कळणार?"

"थंडीत... पायरीवर दहा मुलं... त्या एकट्या..." वाक्य पुरे होईना. नेहमीसारखे. मी फोन ठेवला.

बोलता येत नसले तरी मला लिहिता येते. इतकी वर्षे त्याचाच उपयोग त्यांनी करून घेतला. मी शब्दकोशातला अर्ज काढला आणि त्यावर शिफारशीची सही केली. खाली तारीख आजचीच घातली. मग उत्तर लिहिले.

'श्रीमती श्रद्धाताई, तुमचा अर्ज मला ११ जूनला मिळाला होता. संस्थेतून एकही अर्ज आला नाही, हे जुलैच्या इतिवृत्तातले वाक्य खोटे आहे. ते मी लिहिले. सार्थक यांची नेमणूक त्या वाक्यावर उभी आहे. हे पत्र तुम्ही कुठेही दाखवू शकता. रविवारी अकराला बैठक आहे. सही केलेला अर्ज सोबत आहे, तो घेऊन या. मला बोलायला जमेलच असे नाही, म्हणून हेच पत्र वाचून दाखवीन. मी तुमच्या आधी येऊन बसलेलो असेन.'

पत्राची आणि अर्जाची एकेक प्रत प्रत्येक विश्वस्तासाठी काढली. सांगवीच्या पोस्टात रांग होती. माझा नंबर येईपर्यंत दोनदा वाटले की परत फिरावे, भाषा जरा सौम्य करावी, उद्या यावे. खिडकीतल्या बाईंनी पाकिटे घेतली, वजन केले.

"पोचपावती हवी का, आजोबा?"

"हवी," मी म्हणालो. "सगळ्यांची."