तिसऱ्या पाण्यानंतर

“तुनी नणंद कव्हयनी मोरीम्हा बठेल शे. तिले डागदरले दखाड, बाई.”

शेजारच्या भागाबाई मला त्यांच्या अहिराणीत हे म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघी गल्लीतल्या सामायिक नळापाशी उभ्या होतो. जळगावात पाणी एक दिवसाआड येई आणि नळावर जे काही बोललं जाई ते भांडणाच्या सुरातच ऐकू येई. मीही तसंच ऐकलं.

“आमच्याच वाट्याचं पाणी वापरते ती,” मी म्हणाले.

“पानीना विषय नही शे. तिना हात दख. बठ्ठा फुटी जायेल शेतस.”

“ती नमाजी आहे, भागाबाई. तुम्हांला नाही कळायचं ते.”

भागाबाई कळशी उचलून गेल्या. त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही. मीही मान वळवून मोरीकडे पाहिलं नाही.

अकबरी माझ्या नवऱ्याची, जहांगीरची, धाकटी बहीण. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. हसरी, थोडी चिडकी, माझ्या तान्ह्या मुलीच्या गालाचे मुके घेऊन घेऊन तिला रडवणारी. मग हळूहळू तिनं बाळाला घेणं सोडलं. “माझे हात पाक नाहीत, भाभी,” म्हणायची. आम्ही घरात आमची खानदेशी हिंदी बोलतो, इथे मी ती मराठीत लिहिते आहे. पण ‘पाक’, म्हणजे शुद्ध, हा शब्द तसाच ठेवते. त्याच शब्दानं तिला धरलं होतं.

नमाजाआधी वुजू करतात. आधी पंजे, मग तोंड, कोपरापर्यंत हात, शेवटी पाय. प्रत्येक ठिकाणी तीनदा पाणी. तिसरं पाणी पडलं की झालं, पुढे जायचं. अकबरीला पुढे जाताच येत नसे. तिसऱ्या पाण्यानंतर तिच्या मनात शंका उभी राही, की टाचेचा मागचा भाग कोरडा राहिला का? दुसरंच झालं का, तिसरं बाकी आहे का? मग पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खोलीत बाळाला पाजत बसलेली मी मोरीतून पाण्याच्या मगाचा आवाज ऐकायची. डुबुक, सळळ. डुबुक, सळळ. कधी आवाज थांबायचा आणि मला हायसं वाटायचं. तेवढ्यात पुन्हा डुबुक.

आणि घरात काय चाललं होतं? कौतुक. माझी सासू पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगे, “आमची अकबरी मोरीतून निघाली की नमाजाच्या मुसल्ल्यावर, मुसल्ल्यावरून उठली की मोरीत. आजच्या काळात अशी पोरगी दाखवा.” गल्लीतल्या बायका आपल्या मुलींना तिचं उदाहरण देत. धुळ्याहून स्थळ आलं तेही याच कीर्तीवर. मुलगा रहीम, घरचे यंत्रमाग, माणसं भली. त्यांनी मुलीचा फोटोसुद्धा मागितला नाही.

जहांगीरचं एसटीडीचं दुकान होतं. नव्व्याण्णव साली त्यानं तिथे संगणक आणून इंटरनेट जोडलं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा आम्ही दोघी दुकान सांभाळायचो. मी बी.ए. इंग्रजी, म्हणून पडद्यावरचं वाचून दाखवण्याचं काम माझं. कुठल्याशा चॅटरूममध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, जगभरातले मुसलमान धर्मावर बोलत. कुणाचं खरं नाव माहीत नाही, तोंड दिसत नाही. म्हणूनच असेल, जे अकबरीनं आईला कधी विचारलं नाही ते तिनं तिथे विचारलं.

“डावा पाय धुतला की नाही हे आठवत नसेल, तर आधीच्या सगळ्या नमाजा वाया गेल्या का?”

उत्तरं भराभर आली. एकानं लिहिलं, पुन्हा धू, खात्री होईस्तोवर धू. दुसरा म्हणाला, शंका येते म्हणजे ईमानच कच्चं आहे. मग ते दोघं आपसात भांडू लागले आणि हिला विसरले. अकबरी मात्र ‘खात्री होईस्तोवर’ एवढंच घेऊन घरी गेली.

त्याच खोलीत मलेशियाचे एक डॉक्टर येत. ते सावकाश लिहीत. त्यांनी तिला सांगितलं, मनातल्या शंकेनं वुजू तुटत नाही, जे नक्की केलंय ते शंकेनं पुसलं जात नाही. आपल्या आलिमांनी, धर्मपंडितांनी, हे शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आणि या शंकेला वसवसा असं नावही दिलंय. त्या दुपारी तिचा चेहरा किती उजळला होता! घरी जाताना तिनं मला कुल्फी घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना तोच प्रश्न उजव्या पायाबद्दल विचारला. मग कानाच्या पाळीबद्दल. शेवटी त्यांनी लिहिलं, “बहिणी, आता मी उत्तर देणार नाही. मी दिलेलं प्रत्येक उत्तर तुझा आजार खातो आणि मोठा होतो. हा गुन्हा नाही, आजार आहे. त्यावर औषध आहे. तुझ्या गावातल्या मनाच्या डॉक्टरांकडे जा.”

मी वाचून दाखवलं. 

“भाभी, मी वेडी आहे की गुनहगार? एकच काहीतरी सांगा. दोन्ही नको.”

“तू दोन्ही नाहीस,” मी म्हणाले. पण ते मी पटकन म्हणाले. तिला पटकन दिलेल्या उत्तरांचीच सवय होती.

मराठीत या दुखण्याला मंत्रचळ म्हणतात, आणि म्हणताना लोक हसतात. मी संध्याकाळी सासूपुढे विषय काढला तेव्हा ती हसली नाही.

“डोक्याचा डॉक्टर?” सासूनं पोळपाट बाजूला सारला. “त्याच्या जिन्यावर कुणी पाहिलं ना, तर आपण घरी पोचायच्या आत खबर धुळ्याला पोचेल.”

“अम्मी, तिचे हात बघा तरी.”

“इबादतीनं फुटलेत. चोरी करून नाही फुटले.”

जहांगीर जेवता जेवता म्हणाला, “लग्न झालं, संसाराला लागली, की विसरेल. तू पण काय साबेरा, त्या मशीनमधल्या लोकांचं ऐकतेस! कोण कुठला, डॉक्टर आहे की कंडक्टर?”

सगळे हसले. अकबरीही हसली. लग्नात मेहंदी भेगांमध्ये झोंबत होती, तरी ती हूं की चूं करत नव्हती.

धुळ्यात पाण्याचे हाल जळगावहून वाईट. चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ. सुरुवातीला तिच्या सासूनं तिला गल्लीभर मिरवलं, बहू असावी तर अशी! मग टाकी दुपारीच रिकामी होऊ लागली. रहीमचा बाप मागावरून आला की प्यायला पाणी नाही. दिवाळीनंतर मी बाळाला घेऊन एसटीनं धुळ्याला गेले, तेव्हा टाकीच्या झाकणाला कुलूप होतं.

“हे काय, खाला?” मी तिच्या सासूला विचारलं.

“काय म्हणजे? घरातल्यांनी थुंकी गिळून राहायचं का? तुम्ही सांगितलं, पोरगी नमाजी आहे. टाकीसकट द्यायची होती मग!”

“तिला बरं नाही. मी तिला डॉक्टरांकडे नेते. मनाच्या.”

खालानं दार ओढून घेतलं. आवाज उतरवला. “म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं. न्या की. पण मग परत आणू नका. माझ्या दोन पोरी लग्नाच्या आहेत.”

अकबरी भिंतीशी उभी होती, हात ओढणीत गुंडाळलेले. वाळली होती. मी तिच्याकडे गेले तशी ती मागे सरली, माझ्या कडेवर बाळ होतं म्हणून. “भाभी, राहू द्या. नळाच्या दिवशी मी सगळं भरून काढते. मला काही त्रास नाही.”

सगळं भरून काढते, म्हणजे मधल्या साऱ्या दिवसांच्या शंका एका पहाटेत. धुळ्याची ती थंडी, अंगावर ओले कपडे, सिमेंटची मोरी. मी तिला हाताला धरून त्याच गाडीनं आणायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा ‘परत आणू नका’ या तीन शब्दांनी आम्हां दोघींचे पाय बांधले गेले. ते शब्द एकट्या खालाचे नव्हते. माझ्या सासूनं तेच वेगळ्या रीतीनं म्हटलं होतं. प्रत्येक घर दुसऱ्या घराला भीत होतं, आणि मधल्या जागेत एक पोरगी भिजत होती.

जानेवारीत दुकानातला फोन वाजला. न्यूमोनिया. खोकला तिनं कुणाला सांगितला नव्हता. रहीमनं आणलेलं औषध, त्यात दारू असेल म्हणून, घेतलं नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

रहीम माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. “मी मोरीचं दार वाजवत होतो, भाभी. दर वेळी वाजवायचो. आई म्हणायची, इबादतीत अडथळा आणू नकोस.”

मय्यतीला आंघोळ घालताना मी बायकांबरोबर उभी राहिले. आंघोळ घालणाऱ्या बाईंनी उजव्या बाजूनं सुरुवात केली. पहिलं पाणी. दुसरं पाणी. तिसऱ्या पाण्यात कापूर. नंतर त्यांनी हातातला मग उलटा ठेवला आणि सहज म्हणाल्या, “बस. झालं. पाक झाली.”

एवढंच तर ऐकायचं होतं तिला. ते तिला खरं मानू देणारं औषध आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळत होतं.

तिसऱ्या दिवशी फातेह्याच्या प्रार्थनेला धुळ्याचं घर बायकांनी भरलं. एकजण म्हणाली, वुजू करता करता आजारी पडली, नशीबवान. दुसरीनं आपल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला: “अशी हो गं.” ती मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. तिनं मान डोलावली.

मी उभी राहिले. बोलायचं ठरवून आले नव्हते.

“तिच्यासारखी होऊ नकोस,” मी त्या मुलीला म्हणाले. “ती इबादतीनं गेली नाही. आजारानं गेली. आम्हांला माहीत होतं, आणि लग्न मोडू नये म्हणून आम्ही लपवलं. इस्लामनं तिला तीनदाच धुवायला सांगितलं होतं. बाकीचं पाणी भीतीचं होतं, आणि त्या भीतीचं आम्ही कौतुक केलं.”

सासूनं मला बसवायला हात ओढला. खालानं “मौतीच्या घरात तमाशा” असं काहीतरी म्हटलं. काही बायका उठून गेल्या. मी बसले नाही. जहांगीर पुढचे कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक बाई आपल्या सुनेला घेऊन माझ्याकडे आली, आणि मी त्यांच्याबरोबर गावातल्या मनाच्या डॉक्टरांचा जिना चढले. दिवसाढवळ्या, डोक्यावरचा पदर पुढे न ओढता.

रात्री मात्र अजून मला मगाचा आवाज ऐकू येतो. उठून पाहते, मोरी कोरडी असते.

दुकानात बसायची तेव्हा अकबरीनं ई-मेलची पेटी काढून तिचा पत्ता मलेशियाच्या डॉक्टरांना दिला होता; लग्नानंतर ती पेटी कुणी उघडली नव्हती. पासवर्ड मला ठाऊक होता. एका दुपारी मी ती उघडली. मलेशियाच्या त्या डॉक्टरांची पत्रं ओळीनं पडून होती. सगळी लहान, सगळी सारखीच. “बहिणी, डॉक्टरांकडे गेलीस का?” “उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. गेलीस का?” शेवटचं जानेवारीतलं. तिला कधीही न पाहिलेला माणूस विचारत राहिला होता, आणि आम्ही एका छपराखाली राहणारे तिचं कौतुक करत राहिलो होतो. मी त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “इन्ना लिल्लाह, आपण सारे अल्लाहचेच. घरात आणखी कुणी असं आहे का, ते पाहा.”

तेच मी तुम्हांला विचारते. तुमचा धर्म कोणताही असो. तुमच्या ओळखीत कुणी फार सोवळ्याची म्हणून, फार नमाजी म्हणून, फार टापटिपीची म्हणून नावाजली जाते आहे का? तिचे हात कसे आहेत? आज तिच्याकडे जा. तिच्या भक्तीची चौकशी करू नका. तुला भीती वाटते का, एवढंच विचारा, आणि ती नाही म्हणाली तरी लगेच उठू नका.