शेवटची बारीक ओळ

मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला नव्हे हं, मित्रांनो. माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत, की माझ्यासमोर कुणाला अंगठे धरून उभं केलं नाही. मी चष्म्याच्या दुकानाबाहेरचा फळा. त्याआधी मी कपाटाचं दार होतो. कपाट मोडलं, तेव्हा सुताराने मला तासून काढलं, काळा रंग फासला आणि खाली दोन पाय ठोकून दिले. माझ्या उजव्या कुशीत कुलपाचं भोक अजून तसंच आहे. त्यातून वारा शिरला की मी शीळ घालतो. मला स्वतःहून एवढंच बोलता येतं, आणि तेही वेळेला कधी कामी आलं नाही.

माझ्या मालकाला सगळी गल्ली भिंगदादा म्हणायची. माणूस धंद्याने चष्मेवाला आणि स्वभावाने टवाळ. सकाळी उठल्या उठल्या वर्तमानपत्र चाळायचा, मग फोनमध्ये डोकं घालून जगभरच्या गमतीजमती वाचायचा आणि प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचाच. घरात ऐकणारं कोण? बायको म्हणायची, "तुमचं ते बाहेर जाऊन सांगा हो, इथे माझं दूध उतू जातंय." म्हणून बिचारा बाहेर येऊन मला सांगायला लागला. म्हणजे माझ्यावर लिहायला लागला.

त्याची लिहायची तऱ्हा मात्र जगावेगळी. डोळे तपासायच्या तक्त्यावर कशी वरची अक्षरं टपोरी आणि खाली खाली बारीक होत जातात, तसा तो लिहायचा. बातमी वर, ठळक. तिचा तपशील खाली, जरा लहान. आणि स्वतःचं मत अगदी तळाला, मुंगीच्या पावलांनी लिहिल्यासारखं. ज्याला शेवटची ओळ वाचता येईना, तो आपणहून दुकानात यायचा. गिऱ्हाईक असं हसत हसत गळाला लागायचं.

एकदा वर लिहिलं होतं, "मांजर रोज एकटीच बसने फिरते!" त्याखाली, "ड्रायव्हर सांगतो, ती नेहमी खिडकीशीच बसते." त्याखाली, "तिकीट काढत नाही." आणि तळाला, "आमचे मेहुणेही काढत नाहीत, पण त्यांची कुठे बातमी येत नाही." मेहुणे आठवडाभर दुकानाकडे फिरकले नाहीत. आणखी एकदा, "कमी बोलणारी माणसं जास्त जगतात, असं संशोधन सांगतं." तळाला, "म्हणून मी लिहितो."

काय दिवस होते ते! येणारे जाणारे थांबायचे, कमरेत वाकायचे, डोळे बारीक करायचे आणि खो खो हसत निघून जायचे. एवढी माणसं रोज पुढ्यात वाकली तर कुणालाही चढेल. मलाही चढलं. मला वाटायचं, ही सगळी आपली माणसं आहेत. संध्याकाळी दुकान बंद करताना भिंगदादा ओल्या फडक्याने मला लख्ख पुसायचा. "कालची बातमी शिळी, उद्या ताजी," म्हणायचा. त्या फडक्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

माझे दोन वाचक मात्र खास. एक समोरचा बेकरीवाला, भिंगदादाचा जिवलग दोस्त. दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय हाक मारत नसत. दुसऱ्या बाई. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या. गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. बेकरीवाल्याचा चष्मा भट्टीच्या वाफेने धुरकट व्हायचा, म्हणून तो गल्ल्यावर ठेवून तसाच पीठभरल्या हातांनी रस्ता ओलांडायचा आणि म्हणायचा, "बाई, शेवटचं वाचा हो." बाई वाकायच्या आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायच्या. तो हसायचा, त्या हसायच्या. मग बाई फोन काढून माझा फोटो घ्यायच्या आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवायच्या. रोजच्या या फोटोला एखाद-दुसरा अंगठा यायचा, कधी तोही नाही. बाई हिरमुसायच्या. "पोरं विसरली मला," म्हणायच्या.

मग तो दिवस उजाडला.

भिंगदादाने वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "पावात सिमेंट!" त्याखाली, "पाण्यात टाकलेला पाव दगडासारखा बुडतो. इंटरनेटवर एका माणसाने दाखवलं." त्याखाली, "मीही घरी करून पाहिलं. पाव बुडाला." मग जरा बारीक, "नंतर पायमोजा टाकला. तोही बुडाला." आणि तळाला, "शेवटी ही बातमीच पाण्यात टाकली. अगदी हलकी निघाली, वर तरंगली. पाव खुशाल खा."

बाईंनी ते नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. बेकरीवाला इतका हसला की त्याच्या अंगावरचं पीठ माझ्यावर उडालं. "पायमोजा तर बुडणारच," तो भिंगदादाला म्हणाला, "तुझा धुतलेला कधी असतो?" तो भट्टीकडे गेला. बाईंनी फोन काढला. पण त्या दिवशी त्या जवळ आल्या आणि फोन जरा वर धरला. माझं खालचं अर्धं अंग फोटोत आलंच नाही. मला वाटलं, चुकून झालं असेल. मन फार दुखलं की अजूनही तसंच वाटून घेतो.

पण चुकून कसं? फोटोखाली बाईंनी लिहिलं होतं, "आमच्याच गल्लीतली बेकरी. चष्मेवाल्यांनी स्वतः करून पाहिलंय. सावध राहा." मला कसं कळलं म्हणता? दुसऱ्या दिवशी जो तो माझ्यासमोर उभा राहून आपल्या फोनवरून तेच मोठ्याने वाचत होता. बाईंच्या फोनवर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. "बाई, तुम्हाला अजून आमची किती काळजी!" बाई ते उत्तर औषधवाल्याला दोनदा वाचून दाखवत होत्या. त्यांचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

बेकरीसमोर मात्र काळं कुत्रं फिरकेना. हॉटेलवाल्याने पाव बंद केले. शाळेच्या डब्यातून पाव गेले. कुणीतरी बेकरीच्या दारात बादलीभर पाणी ठेवून त्यात तिथलाच पाव टाकून दाखवत होतं आणि लोक शूटिंग करत होते.

बेकरीवाला आला. बाई, औषधवाला आणि आणखी काहीजण माझ्यासमोरच उभे होते. मी कोरा होतो. बातमी लिहिली त्याच संध्याकाळी ओलं फडकं फिरलं होतं ना, आणि या गोंधळात नवं काही लिहिलं गेलं नव्हतं! तो हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त एवढं लिहा, की खाली अजून एक ओळ होती."

"कुठली ओळ?" बाई म्हणाल्या.

"अहो, ती तरंगणारी बातमी. पाव खुशाल खा. तुम्हीच नाही का मला वाचून दाखवलीत?"

"मी? छे हो! या वयात इतकं बारीक मला कुठे दिसतं? जेवढं दिसलं तेवढं पाठवलं."

औषधवाल्याने ती ओळ वाचली होती. दूधवाल्याने वाचली होती. शिंपीणमावशी तर ती वाचून हसता हसता खोकली होती. पण आता सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. कसे बोलणार? तो फोटो प्रत्येकाने पुढे ढकलला होता. अरे, माझ्यासमोर वाकणारी माणसं हीच का ती?

भिंगदादा ओरडला, "मी लिहिली होती! मी स्वतः लिहिली होती!" मग बेकरीवाला त्याच्याकडे वळला. त्या दिवशी त्याने शिवी दिली नाही, तेव्हाच मला कळलं.

"खोटं एवढं मोठं लिहिलंस रे," तो म्हणाला, "आणि खरं मुंगीएवढं."

"गंमत होती रे ती."

"हो ना. मीही हसलो होतो." एवढं बोलून तो रस्ता ओलांडून गेला.

दुसऱ्या सकाळी भिंगदादाने माझ्या अंगभर, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "पाव चांगला आहे. ती अफवा होती." लोकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि निघून गेले. त्या फळ्याचा फोटो कुणीही काढला नाही.

बेकरीची भट्टी विझली. बेकरीवाला बायकामुलांना घेऊन बहिणीच्या गावी निघून गेला. जाताना त्याने समोर पाहिलंसुद्धा नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंगदादाने मला उचलून आत, तपासणीच्या खुर्चीमागे भिंतीला टेकवून ठेवलं. त्यानंतर त्याने माझ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. बायको आता स्वतःहून विचारायची, "काय हो, आज काही बातमी?" तर म्हणायचा, "काही नाही."

एके दिवशी बाई दुकानात आल्या. लोक त्यांना टोकत होते, "एवढं दिसत नाही तर चष्मा करून घ्या ना, बाई." मी कोपऱ्यातून बघत होतो. भिंगदादाने त्यांना खुर्चीत बसवलं, तक्त्यावरचा दिवा लावला. बाईंनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. सवयीचा खणखणीत आवाज लागला आणि त्या वाचतच गेल्या, थेट शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता.

वर पंखा गरगरत होता. भिंगदादाने तक्त्यावरचा दिवा मालवला.

"नजर चोख आहे, बाई," भिंगदादा म्हणाला. "तुम्हाला चष्मा लागत नाही."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तरी द्या एक. साधी काच बसवा. लोक विचारतात हो."

मला वाटलं, आता बोलेल! आता हा माणूस रस्त्यावर जाऊन गल्ली गोळा करेल! पंख्याचा वारा माझ्या कुलपाच्या भोकात शिरला आणि मी शीळ घातली, असेल नसेल तेवढा जीव लावून. भिंगदादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खण उघडून फ्रेम काढली. पैसे घेतले नाहीत, पण साध्या काचेचा चष्मा मात्र करून दिला. "म्हाताऱ्या माणसाला आता काय उघडं पाडायचं?" असं बायकोला म्हणाला. आणि ज्याला भट्टी विझवून जावं लागलं, तो माणूस नव्हता का? बाईंचा राग मी एक वेळ गिळेन, मित्रांनो. याचा नाही गिळवत.

आता मी परत बाहेर उभा आहे. माझ्यावर "फ्रेमवर सूट" असं रंगाने लिहिलंय. ते फडक्याने पुसलं जात नाही. माझं कुणी ऐकणार असेल तर एकच मागणं आहे. फळा असो, फोन असो, तळापर्यंत वाचा. आणि वाचलं असेल तर चारचौघांत सांगायची वेळ येईल, तेव्हा "वाचलं होतं" म्हणा. एवढ्याने कुणाची तरी भट्टी पेटती राहते.

बाई अजून रोज सकाळी इथून जातात. साध्या काचेचा चष्मा लावून माझ्यासमोर थांबतात. इकडे तिकडे बघतात. रस्त्यात कुणी नसलं, की चष्मा काढून हातात घेतात, हळूच वाकतात आणि माझ्या तळाशी बघतात. तिथे आता काहीच लिहिलेलं नसतं. आणि ते त्यांना अगदी स्वच्छ दिसतं.