सुरांचं बिऱ्हाड हलवताना

मी गोव्यातल्या तुयेच्या एका कारखान्यातून बाहेर पडलेला लॅपटॉप बोलतोय. तिथे पाच वर्षं मी खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापल्या. कानावर पडायचा तो फक्त भोंगा. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी डिचोलीच्या बाजारात, योगेशच्या दुरुस्तीच्या दुकानात झाली. तिथून मला सुविधाने आणलं.

सुविधा धारगळच्या शाळेत शिकवते आणि जत्रेतल्या नाटकांना संगीत देते. तिने माझ्यात संगीत जुळवायचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर घातलं. त्याच्या पोटात देवळाचा घुमट होता, मोठी सभागृहं होती, म्हणजे तिथे आवाज घुमतो तसा तो घुमवायची सोय. साधा सूर आत गेला की नटूनथटून बाहेर यायचा. फक्त त्याचं भाडं दर वर्षी भरावं लागे, आणि दर वर्षी ते वाढे. गावच्या नाटकातून मिळतो तो नारळ आणि शाबासकी. यंदा सुविधाने भाडं भरायचं नाही असं ठरवलं. योगेशने तिला एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर सुचवलं, एकदाच घ्यायचं आणि कायमचं आपलं.

अडचण एकच होती. जुन्याच्या फायली नव्याला वाचता येत नव्हत्या, आणि चार दिवसांनी जुनं बंद पडणार होतं. त्यात कृष्णनाथकाकांचा ऑर्गन होता.

काकांनी चाळीस वर्षं नाटकांना साथ केली. गेल्या वर्षीच्या तालमीत सुविधाने त्यांचं वादन सहज मुद्रित करून ठेवलं होतं. पुढे पावसाळ्यात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. यंदाच्या नाटकात तेच मुद्रण वाजणार होतं. दुसरं नव्हतंच.

सुविधाने तबला, झांज, ऑर्गन असा एकेक आवाज वेगळा काढला आणि नव्यात नेऊन ठेवला. पण घाईत प्रत्येक आवाज जिथून सुरू होतो तिथूनच कापला गेला, त्याआधीची रिकामी जागा गळून पडली. नव्या घरात सगळे एकदमच बोलू लागले. कोण कधी येणार याचा पत्ता नाही. तोवर जुनं बंद पडलं होतं. ती माझ्यासमोर कपाळाला हात लावून बसली, आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रिक्षा करून काकांना घरी घेऊन आली. झालेली चूक तिने खाली मान घालून सांगितली. काका रागावले नाहीत. तिने लावलेले आवाज डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांचा डावा हात हलला.

"मातशें फाटीं घे, बाय. तबलो येतकच हांव वाजयना. मातसो रावतां."

तबला आला की काका लगेच सूर धरत नसत, क्षणभर थांबत. हे सुविधालाही ठाऊक नव्हतं. तिने ऑर्गन तबल्याच्या केसभर मागे सरकवला. अजून थोडा. काकांची मान डोलली, तेव्हा ती थांबली. असे सगळे आवाज आपापल्या जागी बसायला तीन संध्याकाळी लागल्या.

पण नव्यात तो घुमट नव्हता. ऑर्गन उघडाच ऐकू येत होता, आणि त्याखाली पायांनी भाता मारताना होणारी करकर. सुविधा ओशाळली. हे कशाने तरी झाकू का, असं तिने विचारलं.

काकांनी आपल्या लुळ्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"नाका," ते म्हणाले. "म्हजे पांय चलतात तो आवाज. राव दी."

त्यांचे पाय चालतात तो आवाज तिने राहू दिला, काहीच झाकलं नाही. जत्रेत ते तसंच वाजलं. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. मी पडद्याआड स्टुलावर होतो, पण पदाच्या शेवटी लोक टाळ्या वाजवताना त्यांच्याकडे वळले, एवढं मला कळलं.

आता माझा पंखा घरघरतो आणि कळफलकाच्या दोन कळा अडकल्यात. सुविधा आणखी काही वर्षं मला चालवेल, मग माझीही पाळी येईल. त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. स्वस्त घ्या, महाग घ्या, हवं ते बदला. पण जुनं मिटवण्याआधी त्याच्यात कोणाचा आवाज राहिलाय का, ते एकदा कान देऊन ऐका.